आपल्या दाराबद्दल खरे कोण सांगणार?



मोबाइलवरच्या नकाशात एखाद्या दुकानाचे, दवाखान्याचे किंवा चर्चचे नाव शोधले की पत्ता, फोन नंबर, उघडण्याच्या वेळा दिसतात. त्याच्याच खाली थोडे शोधले तर आणखी एक प्रश्न सापडतो: या दारातून व्हीलचेअर आत जाते का? उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'खात्री नाही' असे द्यायचे. ही उत्तरे भरायला कंपनीचा कुणी माणूस गावोगाव फिरत नाही. तुमच्याआमच्यासारखे लोकच फावल्या वेळात, एक पैसा न घेता ती भरतात. गेले काही रविवार आपल्या धर्मग्रामातील काही तरुण मुलेमुली आणि आम्ही काही निवृत्त मंडळी हेच काम करीत आहोत. बाजारातली दुकाने झाली, बँका झाल्या, दवाखाने झाले. कुणाची काही तक्रार नव्हती. मग आपल्या चर्चची पाळी आली आणि आमच्यातच मतभेद झाले.

आपल्या मुख्य दरवाजाला तीन पायऱ्या आहेत. काहींचे म्हणणे असे की 'हो' लिहावे. आपली मुले दर रविवारी दोन-तीन जणांना खुर्चीसकट उचलून आत नेतात, आजवर एकालाही दारातून परत पाठवलेले नाही. मग 'नाही' लिहिणे म्हणजे आपल्याच माणसांच्या सेवेवर पाणी ओतणे नव्हे काय? शिवाय देवाच्या घरापुढे 'नाही' हा शब्द शोभतो का? दुसऱ्यांचे म्हणणे एवढेच होते की पायऱ्या तीन आहेत आणि त्या मोजता येतात.

हा वाद येथे मांडावासा वाटला, कारण तो तीन पायऱ्यांपुरता नाही. चांगल्या मनाने दिलेले चुकीचे उत्तर हे चांगले काम आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

प्रथम हे नकाशाचे काम कसे सुरू झाले ते थोडक्यात सांगतो. २००४ साली इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा एक नकाशा सुरू झाला. तो कुणा कंपनीच्या मालकीचा नाही. कुणीही त्यात भर घालावी आणि कुणीही तो वापरावा. याच नकाशाच्या आधारे २०१० साली बर्लिनमधील एका स्वयंसेवी संस्थेने 'व्हीलमॅप' सुरू केला. तो सुरू करणारे राऊल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. मित्रमंडळी नेहमी एकाच कॅफेत भेटत, कारण बाकीच्या ठिकाणी खुर्ची आत जाईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसे. एवढ्या साध्या अडचणीतून ही कल्पना निघाली. त्यात प्रत्येक जागेला एक रंग असतो. दारात पायरी नाही आणि आतही कुठे अडथळा नाही, तर हिरवा. दारात एकच पायरी, तीही सात सेंटिमीटरपेक्षा उंच नाही, म्हणजे आपल्या हाताची चार बोटे आडवी धरली तर जेवढी होतील साधारण तेवढी, आणि आतल्या मुख्य खोल्यांत पायऱ्या नाहीत, तर नारिंगी. त्यापेक्षा जास्त असेल तर लाल. आणि जेथे अजून कुणी काही सांगितलेले नाही तेथे राखाडी. पुढे २०१७ साली गूगलनेही आपल्या नकाशासाठी लोकांकडून हीच माहिती मागवली.

आपल्या परिसराचा नकाशा उघडा. लाल फार नाही, हिरवा त्याहून कमी. बहुतेक सगळे राखाडी आहे.

या राखाडी रंगाचा अर्थ काय होतो? २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात 'सार्वजनिक इमारत' या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की या बाबतीतले नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, काही नियम सक्तीचे असलेच पाहिजेत. हे सगळे चांगलेच आहे. पण स्टेशनजवळच्या दाताच्या दवाखान्याला पायरी आहे की नाही, हे कायदा सांगत नाही. ते शोधायचे म्हणजे घरच्या माणसाने सुट्टी काढायची, घडीची खुर्ची रिक्षात कशीबशी बसवायची, तेथवर जायचे आणि पाहायचे. खुर्ची आत जात नसेल तर परत यायचे, रिक्षाचे भाडे दोनदा. असे तीन-चार वेळा झाले की माणूस जाणेच सोडून देतो. बाहेरून लोक म्हणतात, "त्या हल्ली कुठे येत नाहीत." न सांगितलेल्या माहितीचा खर्च कुणीतरी भरतोच, आणि तो नेमका ज्याला परवडत नाही त्याच्याच खिशातून जातो. आपण दोन मिनिटे थांबून पायरी मोजली तर तो खर्च आपल्याकडे येतो. दोन मिनिटे!

म्हणून आमच्या मते हे काम दानधर्मात मोडत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सत्य बोलण्याच्या सद्गुणाला न्यायाच्या सद्गुणाशी जोडले, कारण माणसामाणसांत व्यवहार चालायचा तर एकमेकांना खरे सांगणे हे एकमेकांचे देणे लागते. देणे आणि दान यांत फरक आहे. दान दिले नाही तर कुणी जाब विचारत नाही. देणे थकवले तर ते थकतच जाते.

आता आपल्या 'हो'कडे येऊ. थॉमस यांनी असत्याचे तीन प्रकार मानले: नुकसान करण्यासाठी बोललेले, गंमत म्हणून बोललेले आणि कुणाच्या तरी भल्यासाठी बोललेले. तिसरे पहिल्यापेक्षा हलके, असे ते मानत. पण दोष तिघांतही आहेच, हे त्यांनी सोडले नाही. त्यांच्या आधी संत ऑगस्टीन यांनी इ.स. ३९५ च्या सुमारास असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि चांगल्या हेतूने बोललेल्या खोट्यालाही सूट दिली नाही. ऑगस्टीन फार कडक होते, असे आम्हाला पूर्वी वाटायचे. या पायऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचे बरोबर वाटते. 'हो' लिहिणाऱ्याच्या मनात पाप नाही, कबूल. पण तो 'हो' वाचणार कोण? आपल्याला ओळखणारा माणूस नकाशा पाहणारच नाही. त्याला पायऱ्या ठाऊक आहेत. वाचेल तो परगावाहून लग्नाला आलेला पाहुणा, कुणाची तरी आजी, नव्याने राहायला आलेले कुटुंब. तो 'हो'वर विसंबून येणार आणि पायऱ्यांशी थांबणार. "आम्ही उचलतो ना!" हे त्याला दारात कळणार. आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात. उत्तर खोटे नाही, पण ऐकणाऱ्याने काय समजावे याची काळजीही घेतलेली नाही. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय पुस्तकात आहे (१९:१४). खोटा 'हो' हाही वाटेत ठेवलेला धोंडाच आहे.

उचलण्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपली मुले मनापासून उचलतात, आणि त्यांचे कौतुक कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण उचलून घेणाऱ्याला कधी विचारले आहे का? पन्नाशीच्या एका मावशीने आमच्यातल्या एका मुलीला सांगितले, "बाय, चार परक्या मुलांनी मला सगळ्यांसमोर उचलायचे, साडी सावरायची की खुर्ची धरायची? त्यापेक्षा पहिल्या शुक्रवारी फादर घरी ख्रिस्तप्रसाद आणतात ते बरे." आपण समजत होतो की प्रकृतीमुळे त्या येत नाहीत.

संत मार्कच्या शुभवर्तमानात चार जणांनी पक्षाघाती माणसाला छप्परातून खाली सोडल्याची गोष्ट आहे (२:१-१२). प्रवचनात त्या चौघांच्या विश्वासाची नेहमी स्तुती होते आणि ती योग्यच आहे. पण छप्पर उघडावे का लागले? दारात गर्दी होती म्हणून. गर्दी कुणाची, तर प्रभूचे वचन ऐकायला आलेल्या भाविकांची! प्रेषितांच्या कृत्यांत (३:१-१०) मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजाशी बसणारा लंगडा माणूस आहे. त्यालाही रोज कुणीतरी उचलून आणत असे. आणत असे ते दरवाजापर्यंत. उचलणारे रोज होते, तरी त्याची जागा बाहेरचीच राहिली. तो मंदिरात गेला तो स्वतःच्या पायांनी. चमत्काराची गोष्ट आहे हे आम्हालाही कळते. व्हीलचेअरवरून मिस्साला येणारा प्रत्येक जण बरे होण्यासाठी येत नाही, बहुतेक जण आपल्यासारखेच मिस्सासाठी येतात. पण जो आपणहून, आपल्या वेळेला, कुणाची वाट न पाहता आत येतो त्याचे येणे वेगळे असते, हे त्या गोष्टीतही दिसते.

मग चर्चसमोर काय लिहिले? मुख्य दरवाजा: 'नाही', तीन पायऱ्या. पण मोजमाप करताना एक गोष्ट लक्षात आली. सॅक्रिस्टीच्या बाजूच्या दाराला एकच पायरी आहे आणि ती साडेसहा सेंटिमीटर भरली. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक दाराची, पायऱ्यांच्या संख्येची, दाराच्या रुंदीची वेगळी नोंद करता येते. म्हणून त्या दाराची नोंद नारिंगी केली. ते दार मिस्साच्या वेळी आतून कडी लावलेले असते. प्रमुख धर्मगुरूंनी ते आता प्रत्येक मिस्साच्या आधी उघडे ठेवायला सांगितले आहे. आम्ही 'हो' लिहून मोकळे झालो असतो तर त्या दाराकडे कुणी पाहिलेही नसते.

काही जण विचारतात की नकाशात लिहीत बसण्यापेक्षा रॅम्पच का बांधत नाही? बांधावाच. पण त्यालाही मोजमाप लागते. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार, हे प्रमाण. आपल्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. आपल्या घरांपुढे मोटरसायकल चढवायला जो चार फुटांचा उतार असतो तो रॅम्प नव्हे. त्यावरून खुर्ची उलटी येते. अठरा फुटांची जागा, पैसा, परवानगी यांना वेळ लागेल. तोवर खरे सांगायला काय हरकत आहे? उलट 'नाही' लिहिलेले डोळ्यांसमोर राहिले तर पालकीय मंडळाच्या सभेत विषय मागे पडत नाही.

दुसरी शंका अशी की मोठ्या परदेशी कंपनीसाठी आपण फुकट का राबावे? ही शंका रास्त आहे, तिला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. म्हणूनच आम्ही मुलांना सांगितले की नोंद आधी सर्वांच्या मालकीच्या नकाशात करा, मग कंपनीच्या. कंपनीच्या नकाशात करायचीच, कारण पाहुणा तोच पाहतो.

"उद्या आपलेही गुडघे जातील, आपल्यालाही लागेल," असेही काही जण म्हणाले. पोप फ्रान्सिस २०२२ च्या मे महिन्यापासून व्हीलचेअरवरून लोकांसमोर येऊ लागले तेव्हाही हेच बोलले गेले. खरे आहे, पण आम्हाला ते कारण तितकेसे आवडत नाही. प्रभूने लुळ्यापांगळ्यांना आणि आंधळ्यांना जेवायला बोलवायला सांगितले ते त्यांना परतफेड करता येत नाही म्हणून (लूक १४:१३-१४), आपली पाळी येणार म्हणून नव्हे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉल, शौचालय आणि कबरस्तानची वाट मोजायची आहे. शौचालयाचे दार बासष्ट सेंटिमीटर भरले असे एकाने सांगितले आहे. बहुतेक खुर्च्या त्याहून रुंद असतात, तरी एकदा नीट पाहू. त्यानंतर स्टेशन रोड. ज्या मावशी घरीच असतात त्यांनी आमच्याबरोबर बाजारात फिरायची तयारी दाखवली आहे, खुर्चीवरून. चार बोटांची पायरी चढता येते की नाही, हे आमच्या मेजरटेपपेक्षा त्या जास्त चांगले सांगतील. ज्यांना यायचे असेल त्यांनी मोबाइल चार्ज करून यावे. मेजरटेप दोन आहेत, आणखी एक लागेल.