कान्होबाचा वाटा

कीर्तन आटोपल्यावर पोलादपूरच्या एका माळकऱ्यानं मला गाठलं. बुवांनी तुकोबांच्या कर्जखतांचं आख्यान लावलं होतं. “सायेब, तुकोबांनी खतं इंद्रायणीत सोडली. 2021 ला आमची सावित्री तर आपणहून महाडच्या बाजारपेठेत शिरली. तुमच्या बँकेनं का नाय सोडली?” माझी उभी नोकरी महाडात बँकेत गेलेली. हसून सुटण्यासारखा प्रश्न नव्हता.

आख्यानातला एक तपशील आपण भरकन ओलांडतो. तुकोबांनी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला, वेगळी काढून दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची. बँकेपाशी असा आपला वाटा फार थोडा. भागभांडवल आणि राखीव निधी सोडला तर बाकी बहुतेक पैसा कान्होबाचा, म्हणजे ठेवीदारांचा. उदार व्हायचं कोणाच्या जिवावर?

म्हणून बँक निर्दोष ठरते असंही नाही. बचत खातेदाराला आम्ही सांगतो, केव्हाही या, पैसे घेऊन जा. आणि तेच पैसे कोणाच्या तरी घराला पंधरा वर्षांसाठी देतो. हा शब्द खरा की खोटा? एरवी तो निभावतो, कारण एकाची नड असते तेव्हा दुसऱ्याची सवड असते. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं आणि सगळ्यांची नड एकदमच उभी राहिली. ठेवीदार आणि कर्जदार दोघांच्याही घरात चिखल.

बँका एका रात्रीपुरते पैसे उचलतात, कधी विनातारण कॉल मनी, कधी सरकारी रोखे तारण ठेवून रेपो, ते अशा अडचणीसाठी. यात मला काही वावगं वाटत नाही. जिथे पाणी भरलं नाही तिथला पैसा बुडालेल्या गावाच्या कामी येतो, आणि ठरल्या दिवशी व्याजासकट परत जातो.

पाप सुरू होतं ते रोज फेडून रोज नवं उचलण्याची सवय लागली की. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळली. ती ठेवी घेणारी बँक नव्हती, पण दुखणं हेच: पैसा वर्षानुवर्षं चालणाऱ्या रस्त्या-बोगद्यांत, उसनवारी मात्र बरीचशी अल्पमुदतीची. असं उसनं देणारा कुजबुज कानावर आली की हात आखडतो. रेपो असेल तर त्याचं तारणही त्याच्या हातात असतं. बँक असेल तर मागे उरतो ठेवीदार. त्याला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, पण त्यापुढची रक्कम देवाच्या भरवशावर.

धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम थकलेलं व्याज मुद्दलापुढे जाऊ देत नाही. तसाच धाक मला अल्पमुदतीच्या उसनवारीलाही हवासा वाटतो. शाखेत व्याजदरांचा फलक असतो. त्याखाली कालची रात्रीची उसनवारी खडूनं लिहावी, असं मी एकदा वरिष्ठांना सुचवलं. “लोक घाबरतील,” ते म्हणाले. घाबरतील, खरंच. पण कान्होबाला सांगता येत नाही असं काम त्याच्याच पैशावर का करायचं, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.