आजाऱ्याच्या उशाशी

खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा मस्जिदे नबवीतील हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत झाली. इस्लाममध्ये शुश्रूषेचा मान एवढा मोठा आहे.

२०२० साली आपल्या बाळकुमच्या १०२४ खाटांच्या कोविड रुग्णालयात आजाऱ्याच्या उशाशी आप्त नव्हते. परिचारिका होती, अनेकदा अन्यधर्मीय. किब्ल्याची दिशा, हलाल आहार, पडद्याची निकड तिला कशी कळावी? रुग्ण दाखल करतानाच आपण ती नम्रपणे सांगावी.

मात्र शरीअतने दिलेली सवलतही स्मरावी. आजाऱ्याला रोजा पुढे ठेवता येतो, नमाज पडल्या पडल्याही अदा होते. सवलत नाकारून उपचार अडवणे हा तकवा नव्हे. आणि त्या परिचारिकेचे आभार मानल्यावाचून घरी परतू नये.