झाकण लावलेला कॅमेरा आणि प्रत्यक्ष प्रमाण

दुर्बिणीला कॅमेरा जोडून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ चे, छायाचित्र घेऊ लागलेल्या नवशिक्याच्या हाती जे गुलाबी, पिसाऱ्यासारखे उलगडलेले चित्र येते, ते त्याच्या डोळ्याला कधीच दिसलेले नसते; त्याच दुर्बिणीतून डोळ्याने पाहिल्यास तेथे करडा, फार तर हिरवट झाकेचा धूसर पुंजका दिसतो. १८८३ साली अँड्र्यू कॉमन यांनी इंग्लंडमधील ईलिंग येथे ३६ इंची दुर्बिणीने याच तेजोमेघाचे छायाचित्र घेतले आणि त्यात डोळ्याला अगोचर असलेले तारे उमटले, तेव्हापासून छायाचित्रातून मिळणारे ज्ञान प्रत्यक्ष म्हणावे की अनुमान, हा प्रश्न उभा आहे.

न्यायदर्शन प्रत्यक्षासाठी इंद्रिय आणि विषय यांचा सन्निकर्ष, म्हणजे संपर्क, आवश्यक मानते, आणि नेत्रातील तेज बाहेर जाऊन विषयाला भिडते असे सांगते. येथे घडते नेमके उलट: सुमारे १,३५० वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश सेन्सरवर येऊन पडतो. तो साठवता यावा म्हणून दुर्बिणीच्या बैठकीचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखून (पुण्यात तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश कलतो) तासाला १५ अंश या गतीने फिरवावा लागतो, नाहीतर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन उमटतात. मग अर्ध्या-एक मिनिटाच्या अनेक प्रतिमा ताऱ्यांच्या आधारे एकमेकींवर बसवून त्यांची सरासरी काढली जाते. १६ प्रतिमा घेतल्या तर एकीतील स्वैर खरखर चौथाईवर येते. सरासरीने तयार झालेले चित्र कोणत्याही एका क्षणी कोणीच पाहिलेले नसते, म्हणून त्याला अनुमान म्हणण्याचा मोह होतो. परंतु अनुमान धुरावरून अग्नीकडे, एका वस्तूवरून दुसरीकडे जाते. येथे शेवटपर्यंत त्याच वस्तूचा प्रकाश मोजला जातो, तेव्हा हे लांबलेले प्रत्यक्षच मानणे अधिक सयुक्तिक. संगणकावर रंग खुलवणे मात्र वेगळे. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने प्रत्यक्ष हे कल्पनापोढ, म्हणजे नाम-जाती आदींच्या योजनेपासून मुक्त, असते असे म्हटले. त्या कसोटीवर कॅमेऱ्यातील कच्ची फाईलदेखील जेमतेमच टिकेल.

खरा पेच दोषाचा आहे. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे प्रमाणचर्चेतील प्रसिद्ध उदाहरण आहे. त्या रोग्याला पिवळेपणा शंखाचा की आपल्या डोळ्याचा, हे केवळ पाहून ठरवता येत नाही. छायाचित्रकार मात्र दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावतो आणि तेवढाच वेळ, तेच आयएसओ व शक्यतो तेच तापमान राखून काळोखाच्या प्रतिमा घेतो. त्या वरवर कोऱ्या काळ्या असतात. उजळून पाहिल्या की त्यांत लाल-निळे टिंब ठरावीक जागी चमकताना दिसतात. ते तारे नव्हेत, सेन्सरचीच कावीळ होय, आणि या प्रतिमांची सरासरी आकाशाच्या प्रत्येक प्रतिमेतून वजा केली जाते.