कंटाळा कोणाचा?

मुंबईला चार दिवस राहून आलेला आमच्या गावचा मनुष्य बहुधा एकच निकाल देतो. "छे! पाहण्यासारखे असे काही नाही तिथे. दोन दिवसांत सगळे संपले. मग नुसता कंटाळा!" गेटवे ऑफ इंडिया झाला, राणीचा बाग झाला, महालक्ष्मी आणि सिद्धिविनायक झाले, चौपाटीवर भेळ खाऊन झाली, आता पुढे काय? ज्याच्या घरी उतरलो तो सकाळी सातच्या गाडीला पळतो आणि रात्री नऊला परततो. वहिनीही नोकरीवर. पाहुणा आपला खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे मोजतो.

मास्तरकीच्या पेशामुळे उत्तर ऐकले की आधी प्रश्न तपासून पाहण्याची खोड मला लागली आहे. व्यापारउदिमावर वाढलेले शहर पाहुण्याला खरोखरच कंटाळवाणे असते का? आणि असलेच, तर तो दोष शहराचा की पाहुण्याचा?

आपण पंढरपूरला जातो किंवा महाबळेश्वरला जातो, तेव्हा एस्टीतून पाय खाली ठेवण्यापूर्वीच कोणीतरी आपली वाट पाहत असते. रिक्षावाला बॅग उचलतो, लॉजवाला आदबीने बोलतो, स्ट्रॉबेरी विकणारी बाई "घ्या ना दादा" म्हणून आर्जव करते. त्या गावाचा पाहुणा हाच धंदा असतो. तिथे आपण महत्त्वाचे असतो आणि हे महत्त्व आपल्याला सुखावते. मुंबईत यातले काही होत नाही. बोरीबंदरच्या फलाटावर आपण उभे असतो आणि माणसांचा लोंढा आपल्याला वळसा घालून निघून जातो. आपण आलो काय नि न आलो काय, त्या शहराचे काही अडलेले नसते. आपले कोणावाचून अडत नाही हे म्हणायला आपल्याला आवडते. आपल्यावाचून कोणाचे अडत नाही हे पाहायला मात्र आवडत नाही. त्या दुखावलेपणाला आपण सभ्यपणे 'कंटाळा' म्हणतो, असा मला दाट संशय आहे.

मी मुंबईची वकिली करायला बसलेलो नाही. तिथली गर्दी, घाम आणि महागाई खरी आहे. लहान मूल कडेवर घेऊन दादरचा पूल चढणाऱ्या बाईला शहराच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे हा क्रूरपणा होईल. शिवाय मुंबईला येणारे सगळेच काही पाहायला येत नाहीत. परळला टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच्या आसपासच्या पदपथावर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे गाठोडी घेऊन बसलेली दिसतात. तीही मुंबईचे पाहुणेच. त्यांना कोणी विचारील का, की मुंबईत मन रमते का म्हणून? हे शहर कंटाळवाणे की मजेचे, हा प्रश्न पडायलाच मुळी थोडे नशीब लागते. पाहुण्याने तक्रार करण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले तर बरे.

व्यापाराच्या गावात रूक्षपणाच असायचा, ही समजूतही तपासून पाहावी. बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. ती कोरण्यासाठी ज्यांनी पैका दिला त्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत, आणि त्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. बंदरात माल उतरला, नफा झाला, आणि त्यातला वाटा डोंगरातल्या भिक्षूंच्या निवाऱ्याला गेला. फोर्टातला राजाबाई टॉवर घ्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचे नाव देण्यास सांगितले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट कित्येकांचे दिवाळे निघाले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. तेजी, मंदी, लोभ, मातृभक्ती असे सगळे त्या एका दगडी मनोऱ्यात आहे. आपण त्याची उंची विचारतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. मग कंटाळा येईल नाही तर काय!

१८६३ साली गोविंद नारायण माडगांवकर यांनी 'मुंबईचें वर्णन' हे पुस्तक लिहिले. तेही आमच्यासारखे मास्तरच. देवळांइतकेच बाजारांचे, धंद्यांचे आणि नाना जातींच्या माणसांचे वर्णन त्यांनी हौसेने केले आहे. ज्याला माणसांविषयी कुतूहल आहे त्याला बाजारातही रमता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

गेली पंधरा वर्षे मी शाळेची सहल घेऊन मुंबईला जातो. एकदा दुपारी चर्चगेट स्टेशनाबाहेर डबेवाले दिसले. १८९० च्या सुमारास महादू बच्चे यांनी सुरू केलेला हा धंदा. बहुतेक डबेवाले मावळ, मुळशी, जुन्नर, खेडकडचे. मी मुलांना डब्यांवरच्या खुणा दाखवीत होतो. कोणत्या स्टेशनाहून आला, कोणत्या इमारतीत जायचा, हे त्या चार अक्षरांत कसे मावते ते सांगत होतो. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे सगळ्यांचे डबे पोचवतात, मग हे स्वतः कधी जेवतात?"

मी म्हटले, "त्यांनाच विचार."

तिने विचारले. डोक्यावरची टोपी मागे सारून तो गृहस्थ हसला आणि म्हणाला, "डबे वाटून झाले की आम्ही पण एकत्र बसतो, ताई. आमच्यापण बायका डबा देतात की!" मुलगी इतकी खूश झाली की सहलीवरच्या निबंधात तिने गेटवेला दोनच ओळी दिल्या.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. दुसऱ्याचे कष्ट हा आपल्या करमणुकीचा विषय व्हावा का? महालक्ष्मीच्या पुलावर उभे राहून लोक खालच्या धोबीघाटाचे फोटो काढतात. खाली माणसे कमरेइतक्या पाण्यात कपडे आपटीत असतात. मला ते पाहणे बरे वाटत नाही; पण पाहू नये असेही मला म्हणवत नाही. कारण न पाहणे म्हणजे तरी काय? आपल्या अंगावरचा पांढराशुभ्र सदरा आपोआप धुतला जातो, असे मानून चालणेच ना? माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे. ज्याच्याकडे मी पाहतो आहे त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, तर मला त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील का? येत असतील तर खुशाल पाहावे. येत नसतील तर पुलावरून उतरावे. त्या मुलीचे पाहणे या कसोटीला उतरले होते.

आणि शहराने पाहुण्याचा कंटाळा घालवायचे मनावर घेतले तर काय होते, तेही मुंबईत पाहायला मिळते. परळ-लालबागचे गिरणगाव एके काळी भोंग्यावर उठत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी आज मोठा मॉल आहे. थंडगार हवा, झगमगती दुकाने, खाण्यापिण्याची चंगळ. तिथे कोणाला कंटाळा येत नाही. पण तिथे पाहिलेले काय, ते घरी येऊन सांगता येत नाही. तशीच दुकाने आता पुण्यातही आहेत. जिथे हजारो हात सूत काढीत होते, तिथे आता आपण फक्त गिऱ्हाईक असतो. गावाने आपली वाट पाहावी ही पाहुण्याची इच्छा पुरी झाली. ज्यांचे ते गाव होते त्यांतले कितीतरी मात्र कोकणात, घाटावर किंवा दूरच्या उपनगरांत पांगले.

व्यापाराला तुच्छ मानायची आपल्या मराठी मनाला जुनी सवय आहे. आणि दिवाळीत मात्र आपण दारावर 'शुभ लाभ' लिहितो. १९५७ पासून मुंबईच्या शेअरबाजारात दिवाळीला तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. पेढीवरचा गुजराती शेठ वहीची पूजा करतो, आमचा लोहार ऐरणीला हळद-कुंकू वाहतो. ज्यावर पोट चालते त्याला नमस्कार करण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. शहर पाहायचे तर तेथील लोक कशाला नमस्कार करतात ते आधी पाहावे.

या सुटीत तुमच्यापैकी अनेकजण मुंबईला भावाकडे, मामाकडे, लेकीकडे जाल. राणीचा बाग अवश्य पाहा. मुलांना तो आवडतोच. पण भाऊबीज आटोपली आणि कामाचे दिवस सुरू झाले, की एक दिवस खिडकीशी बसून राहू नका. ज्याच्या घरी उतरला आहात, त्याच्याबरोबर सकाळी सातच्या गाडीने निघा. तो कुठे उभा राहतो, कोणाला हात करतो, कोणत्या स्टेशनावर कोणासाठी जागा धरतो ते पाहा. त्याच्या कचेरीच्या दारापर्यंत जा आणि तिथून परत फिरा. वर्षानुवर्षे जो आपल्याला दिवाळीत नुसता फराळाच्या ताटासमोर भेटतो, तो उरलेले दिवस कसे काढतो, हे त्या एका सकाळी कळेल. संध्याकाळी तो दमून घरी आला, की तुम्हाला त्याच्याशी बोलायला पुष्कळ काही असेल.