तिसरा बोअर घेण्याआधी

चि. भाचेराव यास,
सिल्लोडहून मामाचे अनेक आशीर्वाद.

उन्हाळी मिरचीसाठी तिसरा बोअर घ्यायचा म्हणतोस, तोही 500 फुटांचा. फुटाचा दर, केसिंग, मोटर, मल्चिंग, रोपं, सगळा हिशोब तू चोख धरलास. सुरुवातीची मिरची आमठाण्याच्या बाजारात भाव खाते, हेही खरं. पण त्यात शेजाऱ्याच्या विहिरीचं काय होणार, ते कुठेच धरलेलं नाही.

मिरची लावायची एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जमिनीत पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. लवकर लावेल त्याला भाव, म्हणून सगळ्यांचीच घाई. आपल्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली तरी 400 फुटांखाली लागलं तर लागलं, नाहीतर रात्रभर नुसता फफुटा. आणि लागलं तरी बऱ्याचदा ते वरचंच, भेगेतून खाली ओढलेलं. तुझी मोटर चालली की पलीकडची विहीर आटते. मग तो शेजारी 600 फूट जातो. बोअरच्या गाडीवाल्याचा धंदा होतो, तुम्ही दोघं कर्जात, आणि पाणी होतं तेवढंच.

अर्थशास्त्रवाले याला बाजाराचं अपयश म्हणतात. डिझेल महागलं की ट्रॅक्टरच्या फेऱ्या आपोआप कमी होतात, कारण खर्च आपल्याच खिशातून जातो. भूजलाला दरच नाही. त्यात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज मोफत. (आधीचं बिल आपण किती नेमानं भरत होतो, तो विषय नको.) मग उपशाला आवर कशाचा? फायदा तुझ्या पट्टीवर जमा होतो, तोटा गावावर पडतो. ज्या मजूर बाईच्या नावावर गुंठाभर रान नाही, तिचा नळ मेमध्ये कोरडा. ती पाण्याचा ड्रम विकत घेते, नाहीतर टँकरची वाट बघते. टँकरचा खर्च सरकारचा, म्हणजे पुन्हा सगळ्यांचाच.

कायदा नाही असं नाही. गावच्या पाणीयोजनेच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायला 1993 च्या कायद्यानं बंधन घातलं. 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम 200 फुटांपेक्षा, खोल जायला मनाई केली. तुझे 500 फूट त्यात कुठे बसतात, तूच बघ. पण गाडी रात्री येते, सकाळी निघून जाते. विचारतो कोण?

तरीही तू एकट्यानं थांब असं मी म्हणणार नाही. तू सोडलेलं पाणी दुसरा उपसेल, आणि तुला बावळट म्हणेल ते वेगळंच. थांबायचं तर बांधाला बांध असलेल्या सगळ्यांनी मिळून. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हता, माणशी होता: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. हिवरे बाजार गावानं सिंचनाचे बोअरच बंद केले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या भूजलावर पीएचडी केली, आणि माणसं आपसात नियम ठरवून असं सामाईक धन राखू शकतात हे जगभरचे दाखले देऊन मांडलं. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमच्या शिवारात नायगाव लगेच होणार नाही. भाऊबंदकी मला माहीत आहे. पण रोपवाटिकेत रोपांचं बुकिंग होण्याआधी आसपासच्या सगळ्या विहिरींत दोरी सोडून पाणी मोजा, सगळ्यांच्या देखत. त्यावरून कुणी किती मिरची लावायची ते ठरवा आणि वहीत सह्या घ्या. पिण्याच्या विहिरीजवळचे बोअर मार्चनंतर बंद, हे कलम पहिलं. चुलत्याशी तू बोलत नाहीस, पण त्याची विहीर तुझ्या बोअरच्या सगळ्यात जवळ आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच कर. हवं तर मी येतो.

गाडीवाल्याला दिलेला विसार परत मिळाला तर बघ. बुडाला तरी चालेल, निम्मा मी देतो.

तुझा,
मामा