आलेले राज्य, यावयाचे राज्य

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. भोकरदन झाले नाही. आज जालना जिल्ह्यात असलेला हा तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे तिरंगा फडकविणे गुन्हा ठरे. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि रझाकारांची दहशत वाढतच होती. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मधल्या तेरा महिन्यांत भोकरदनचा माणूस कोणाच्या राज्यात राहत होता? कचेरीवरील झेंडा निजामाचा, सारा निजामाचा, बाजारात चालणारे नाणेही हाली. तथापि दिल्लीत जे घडून गेले होते ते आता मागे फिरणार नव्हते.

शुभवर्तमानातील देवराज्याविषयी वाचताना आम्हांला हे तेरा महिने आठवतात. आपण भुते घालवितो ही खूण पाहून देवाचे राज्य येऊन पोहोचल्याचे लोकांनी ओळखावे, असे प्रभू येशू एके ठिकाणी सांगतो. तोच प्रभू ते राज्य यावे म्हणून नित्य प्रार्थना करावयास शिष्यांना शिकवितो. जे आले त्याला पुन्हा 'ये' कशासाठी म्हणावयाचे? विद्वानांचेही येथे एकमत नव्हते. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ साली सारा भर येऊ घातलेल्या अंतावर दिला, तर सी. एच. डॉड यांनी १९३५ साली ते राज्य येशूमध्ये आलेच असे मांडले. ऑस्कर कुलमन यांनी १९४६ मध्ये युद्धाचा दाखला घेतला : निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, विजयदिन मात्र अजून उजाडावयाचा आहे. मराठवाड्यातील माणसाला हे समजण्यासाठी युरोपच्या रणांगणावर जाण्याचे कारण नाही.

त्या तेरा महिन्यांत जे सत्याग्रही तुरुंगात गेले, ते सैन्य आल्यावर नागरिक होऊ असे म्हणत थांबले नाहीत. उद्याच्या राज्याचे नियम त्यांनी आजच पाळावयास घेतले व त्याची किंमत मोजली. वैऱ्याला क्षमा करणारा, मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करणारा ख्रिस्ती माणूस नेमके हेच करीत असतो. व्यवहारी जगात तो खुळा ठरतो, कारण त्याच्या हातातील नाणे अजून बाजारात चालत नाही.

परंतु दाखला ताणू नये. १७ सप्टेंबरनंतर मराठवाड्याच्या काही जिल्ह्यांत जे घडले ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या हजारो मुसलमानांवर उगविला गेला. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. मुक्ती खरीच होती, आणि हेही खरेच होते. म्हणून कोणत्याही झेंड्याच्या दिवसाला, मग तो कितीही न्याय्य असो, देवराज्याचा दिवस म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

संत मत्तयाच्या तेराव्या अध्यायात गव्हातील निदणाचा दृष्टांत आहे. नोकर निदण उपटावयास निघतात आणि धनी त्यांना थांबवितो. जालन्याचा परिसर बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकऱ्याला हा धनी अडाणीच वाटावा. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये भेसळीचे झाड फुलोऱ्याआधी उपटलेच पाहिजे, नाहीतर प्लॉट नापास! पण शेतकऱ्याला भेसळ डोळ्यांना दिसते. दृष्टांतातील निदण कोवळेपणी गव्हासारखेच दिसते व त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. उपटणाऱ्या हातांना ते ओळखता येत नाही, हे १९४८ च्या त्या आठवड्यांनी दाखविले. राज्य आले आहे म्हणून आपण स्वस्थ बसावयाचे नाही. ते पुरते आलेले नाही म्हणून निवाडाही आपला नाही. या दोहोंमध्ये उभे राहणे कठीण असते.

ख्रिस्तसभेलाही येथे सूट नाही. ती या राज्याचे पृथ्वीवरील बीज व आरंभ आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली शिकविले. बीज म्हणजे पीक नव्हे. अकरावे पायस यांनी १९२५ साली स्थापिलेला ख्रिस्तराजाचा सण आपण दरवर्षी थाटाने साजरा करतो. मराठवाड्यातील मिशनसाठी किनारपट्टीवरील आपली जुनी धर्मग्रामे सढळ हाताने वर्गणीही देतात. तिकडच्या दलित ख्रिस्ती घरातील शिकलेला, निर्व्यसनी, नित्य मिस्साला जाणारा मुलगा आपल्या मुलीसाठी सांगून आला, की मात्र आपण त्याचे गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि मग कळवितो असे म्हणतो. ती निरोपाची वाट पाहणारी माणसेही प्रभूची प्रार्थना आपल्याच शब्दांत म्हणत असतात.