थांबण्याची जिगर

उर्दूतला ‘जिगर’ मराठीत आणताना अनुवादकाला ‘काळीज’ आयतं मिळतं. हिंदीत ते ‘कलेजा’, बंगालीत ‘कलिजा’. शरीरशास्त्राच्या हिशेबात हे यकृत. आपल्या भाषांनी मात्र माया आणि धाडस तिथं नेऊन ठेवलं. याच अवयवाला अपघातात इजा झाली, की धाडस कशाला म्हणायचं, हा प्रश्न शल्यचिकित्सेलाही पडत आला आहे.

यकृतात मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं, आणि ते इतकं ठिसूळ असतं, की ताणलेला टाका त्याला चिरत जातो. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बोटांत दाबून रक्तस्राव थोपवण्याची रीत नोंदवली. त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी कुणी वाचलं नाही. तरी त्यांनी ते छापलं, आणि ती रीत आजही वापरात आहे.

पुढे बराच काळ कौशल्य म्हणजे काम तडीस नेणं, असंच मानलं गेलं. पण खूप रक्त गेलेलं शरीर गार पडतं, रक्तात आम्ल वाढतं, रक्त गोठेनासं होतं. लांबलेली शस्त्रक्रिया या तिन्हींत भर घालते. दुरुस्ती नीट होते आणि माणूस जातो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या रोटोंडो, श्वाब आणि सहकाऱ्यांनी पोटातल्या अशा जखमांसाठी आरमारातला शब्द रूढ केला : ‘डॅमेज कंट्रोल’. आधी जहाज तरंगतं ठेवायचं, डागडुजी मागाहून. यकृताभोवती कापडाच्या घड्या दाबून बसवायच्या, पोट तात्पुरतं झाकायचं, अतिदक्षता विभागात शरीराला ऊब द्यायची आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा आत जायचं. मुका मार लागलेला रुग्ण स्थिर असेल, तर आज बहुतेकदा सुरी लागतही नाही. सीटी स्कॅन आणि बारीक लक्ष पुरतं.

दाराबाहेरच्या नातलगांना हे कसं पटावं? ‘काहीतरी करा’ ही त्यांची विनवणी मायेपोटी असते. डॉक्टरच्या हातालाही काम अर्धं सोडवत नाही. पण काम पुरं केल्याचं समाधान करणाऱ्याचं. पणाला लागलेला जीव दुसऱ्याचा, आणि तो बेशुद्ध असल्यामुळे त्याला विचारताही येत नाही. म्हणून अशा वेळी थांबणं हेच कर्तव्य ठरतं. मात्र थांबणं वेगळं आणि टाकून जाणं वेगळं. जो थांबतो, त्यानं आत ठेवलेल्या घड्या मोजून लिहून ठेवायच्या असतात, रात्रभर लक्ष ठेवायचं असतं, ठरल्या वेळी पुन्हा हात धुऊन उभं राहायचं असतं. एवढं पत्करलं नाही, तर अर्धं सोडणं हा निव्वळ हलगर्जीपणा.

मराठी बोलण्यात जिगर म्हणजे हिंमत. त्या हिंमतीत हात मागे घेणंही धरायला हवं, आणि परत येणंही.